भरतीने वेढलेले सहा तास

सकाळी 6:00

मालवणात लहानपणी शिकलेलं भरतीचं गणित अजून पाठ आहे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. आज पौष पौर्णिमा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. समोर लिव्हरपूलचा भरतीचा तक्ता उघडा आहे, त्यात छापलंय 11:20. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर राहायला आले तेव्हा ही जुळणी पाहून मी हरखले होते. इथेही पौर्णिमा-अमावस्येचं उधाण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येतं. फरक आहे तो उंचीचा. मालवणला उधाणात पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. इथे आजच्या दिवसात ते आठ मीटरांहून जास्त चढेल.

तक्त्यानंतर हवेचा दाब बघायचा. दाब एक मिलिबार उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. त्यात वायव्येचा वारा असला की लिव्हरपूल उपसागरातलं पाणी डी नदीच्या मुखात रेटलं जातं, आणि मग छापील वेळेवर आणि उंचीवर विसंबता येत नाही. आज दाब चांगला आहे, वारा वायव्येचाच पण बेताचा. पक्ष्यांच्या आणि सीलच्या मोजणीसाठी हिल्ब्री बेटावर जायला हरकत नाही. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीभाजी, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या. बेटावर प्यायचं पाणीही मिळत नाही.

सकाळी 7:20

वेस्ट कर्बी गावाच्या डी लेनवरून उतार थेट वाळूत जातो. अजून पुरतं उजाडलेलं नाही. माझ्याबरोबर नेहमीचे मोजणीदार आहेत, आयुष्य जहाजांवर काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि लिव्हरपूलला शिकायला आलेली नागपूरची एक मुलगी. उसने गमबूट तिच्या पायांना सैल होताहेत. तिने भरती-ओहोटी कधी नीट पाहिलेली नाही.

समोर तीन बेटं आहेत: लिटल आय, मिडल आय आणि हिल्ब्री. हिल्ब्री सर्वांत मोठं, तरी तेही जेमतेम साडेचार हेक्टर. ओहोटीला इथून पायी जाता येतं. भरतीच्या तीन तास आधी किनारा सोडलेला असावा लागतो आणि भरतीनंतर तीन तास उलटल्याशिवाय परतता येत नाही. मधले सहा तास बेटावरचा माणूस बेटावरच.

"ताई, बेट तर समोरच दिसतंय. सरळ का नाही जायचं?"

"सरळ वाटेत घळी आहेत आणि मऊ चिखल. पाणी आधी घळींतून मागच्या बाजूला शिरतं. आपण पुढे बघत चालतो आणि परतीची वाट तुटलेली असते."

म्हणून आधी डावीकडच्या लिटल आयकडे जायचं, त्याला उजवीकडे ठेवून वळायचं आणि मग खडकांच्या कडेने उत्तरेला. सगळी वाट साधारण दोन मैलांची. माहिती असूनही दरवर्षी इथे माणसं अडकतात. हॉयलेकच्या लाइफबोट केंद्रात तर चिखलावरून जाणारं हॉवरक्राफ्ट ठेवावं लागलंय. आपल्याकडच्या कोळणी कालवं काढायला जाताना जशा पाण्याकडे एक डोळा ठेवतात, तसंच इथे चालायचं, हे मी तिला सांगते.

वाळूवर ओहोटीचे कर्ल्यू ओरडताहेत. ही लांब बाकदार चोचीची, करड्या रंगाची मंडळी हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांतही उतरतात. आवाज तोच.

सकाळी 8:35

हिल्ब्रीचा खडक तांबडा आहे, पार जांभ्यासारखा. वाळूचाच बनलेला, वारा-पाण्याने पोखरलेला. दक्षिणेच्या चढावरून वर आलो की लगेच पश्चिमेला टेलिस्कोप लावायचा, कारण सीलची मोजणी पाणी चढण्याआधी उरकावी लागते. खाडीच्या मुखात वेस्ट हॉइल नावाचा वाळूचा मोठा दांडा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो आणि करडे सील त्यावर येऊन पडतात. उन्हाळ्यात इथे त्यांचे शेकड्यांचे कळप असतात. शरदात बहुतेक सील पिल्लं घालायला दुसरीकडे जातात, त्यामुळे जानेवारीतला आकडा लहान असतो. आज दांड्याच्या कडेला एक ओळ दिसते आहे. वारा तिकडूनच असल्याने त्यांचे लांबलचक हेल इथवर ऐकू येतात. मुलीने डोळे टेलिस्कोपवरून उचलून विचारलं, "ही माणसं तर नाहीत ना?" पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांना हेच वाटतं.

सकाळी 9:10

पाणी आता खडकांच्या पायथ्याशी आलंय आणि तिथे ब्रेंट हंस चरताहेत. काळं डोकं, काळी मान, फिकट पोट. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांवर हे विणीला असतात. तिथून ग्रीनलंडचं बर्फाचं पठार ओलांडून, आइसलंडला विसावा घेऊन ते येतात आणि त्यांतले बहुतेक आयर्लंडमध्ये हिवाळा काढतात. एक छोटा हिस्सा डीच्या मुखाशी येतो. पूर्वी इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिसायचे, आता संख्या काही शेकड्यांत गेली आहे. खडकांवरचं हिरवं शेवाळ हे त्यांचं इथलं मुख्य खाणं. पाणी चढलं की ताट उचललं जातं, म्हणून आत्ता कुणी मानही वर करत नाही.

यांची नुसती संख्या घेऊन भागत नाही. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांच्या पंखांवर फिकट आडव्या रेघा असतात आणि पिल्लं हिवाळाभर आईबापांच्या सोबतच राहतात. दर कुटुंबात किती पिल्लं, हे टिपलं की मागच्या उन्हाळ्यात आर्क्टिकमध्ये वीण कशी झाली ते इथे बसून कळतं. तिकडे कुणी माणूस गेला नसेल, तरी हिशोब हंसांनी बरोबर आणलेला असतो. नागपूरची मुलगी या कामात रमली. तिची नजर माझ्यापेक्षा तरुण आहे. रेघा तिला झटकन दिसतात.

सकाळी 9:50

बेटाच्या उत्तर टोकाला जुन्या लाइफबोट केंद्राच्या भिंती उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ते बंद पडलं. होडी उतरवायचा उतार अजून पाण्यात जातो. वायव्येच्या वाऱ्याला या भिंतींचाच आडोसा आहे. शरदातल्या वादळात लीचेस पेट्रेल हा खोल समुद्राचा इवलासा पक्षी याच वाऱ्याबरोबर किनाऱ्यालगत येतो आणि तेव्हा ही जागा पक्षिनिरीक्षकांनी भरते. जानेवारीत तशी गर्दी नसते. माझ्या मनात मात्र जानेवारीच्या या तासांचं मोल जास्त आहे.

समोरच्या लिव्हरपूल उपसागराचा मोठा भाग संरक्षित आहे. 2010 मध्ये तो मुख्यतः दोन पक्ष्यांसाठी राखला गेला: लाल गळ्याचा डायव्हर आणि कॉमन स्कोटर. पुढे सागरी हद्द वाढवताना लिटल गल या जगातल्या सर्वांत लहान कुरवाचाही त्यात समावेश झाला. डायव्हरला हिवाळ्यात लाल गळा नसतो. तेव्हा तो वरून करडा, खालून पांढरा, चोच किंचित वर रोखलेली, आणि पाण्यात इतका खाली बसतो की लाट आली की नाहीसा. त्यात तो मासे धरायला सारखा बुडतो. म्हणून टेलिस्कोप डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवायचा, ठरलेल्या वेळेत एकदाच, मागे न वळवता. मागे वळलं की तोच पक्षी दुसऱ्यांदा मोजला जातो. उडत जाणारे वेगळे लिहायचे, कुठल्या दिशेला गेले तेही.

निवृत्त गृहस्थ घड्याळ धरतात, मी बघते, मुलगी लिहिते. तुरा नसलेला हिवाळी ग्रीब, एकटा. डायव्हर, दोन, पश्चिमेला. पाणकावळे. दूर काळ्या मण्यांची ओळ लाटांवरून वरखाली होत गेली, ते स्कोटर. ही समुद्री बदकं उथळ दांड्यांवर बुडी मारून शिंपले खातात. गिलेमॉट आणि रेझरबिल इतक्या लांबून नेहमी ओळखता येत नाहीत, तेव्हा "दोहोंपैकी एक" असंच लिहायचं. अंदाजाने नाव देण्यापेक्षा ते बरं.

क्षितिजावर पवनचक्क्यांची रांग आहे. नॉर्थ हॉइल 2003 पासून चालू, बर्बो बँक 2007 पासून, आणि पश्चिमेला वेल्सच्या किनाऱ्यापुढे ग्विंट इ मोर, 160 चक्क्यांचं, 2015 मध्ये पूर्ण झालेलं. लाल गळ्याचे डायव्हर चक्क्यांना बुजतात आणि त्यांच्यापासून कित्येक किलोमीटर दूर राहतात, हे युरोपातल्या अभ्यासांतून चांगलं स्पष्ट झालंय. चक्कीची पाती त्यांना मारत नाहीत, पण तेवढा समुद्र त्यांच्यासाठी वजा होतो. मला पवनऊर्जा हवी आहे. आर्क्टिक वितळत असताना दुसरं काही म्हणणं मला पटत नाही. म्हणूनच चक्क्या नेमक्या कुठे उभ्या करायच्या हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर देणारे लोक विमानातून छायाचित्रं घेऊन मोजणी करतात. पण विमान काही दिवसच उडतं. इथे भिंतीआड बसून वर्षानुवर्षं लिहिलेली पानं त्या दिवसांच्या मधल्या जागा भरतात.

बोटं बधिर झाली की चहा. मुलगी म्हणाली, "ताई, एवढ्या वेळात मोजकेच पक्षी लिहिले."

"हो. समुद्रात असंच असतं. पाठीमागे वळून बघ."

सकाळी 10:50

पाठीमागे दक्षिणेला आकाश भरलं होतं.

डी खाडीत हिवाळ्यात लाखाच्या वर पाणपक्षी असतात. 1985 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. ओहोटीला हे पक्षी मैलोन्‌मैल चिखलावर विखुरलेले असतात, मोजणार कसे? भरती त्यांना गोळा करते. पाणी जसं चढतं तसे ते मागे सरकतात आणि शेवटी उरलेल्या कोरड्या जागांवर दाटीने उभे राहतात. त्या जागा फार थोड्या आहेत, आणि ही बेटं त्यांतली मोक्याची. आम्ही बेटाच्या दक्षिण टोकाला येऊन पालथे पडलो, कारण उभ्या माणसाची आकृती आकाशावर उमटते. समोर पाण्याच्या अरुंद पट्ट्यापलीकडे मिडल आय.

तिथे ऑयस्टरकॅचर उतरताहेत. काळे-पांढरे, नारिंगी चोचीचे, वाऱ्याकडे तोंड करून. नावात कालवं असली तरी इथे त्यांचा भर कॉकलवर असतो, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या लांबच्या भावंडांवर. शिंपला फोडायचं कसब पिल्लू सावकाश शिकतं. त्यांच्याखाली, पाण्याच्या रेघेलगत करड्या रंगाचे नॉट. हे मूळचे ग्रीनलंड आणि ईशान्य कॅनडाचे. ते बारीक शिंपले अख्खे गिळतात आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत भरडतात. एरिक हॉस्किंग यांनी हिल्ब्रीवर घेतलेल्या किनारपक्ष्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांनी हे बेट प्रसिद्ध केलं. पण छायाचित्रात आवाज नसतो. हजारो पक्षी एकमेकांना खेटून जागा करून घेतात तेव्हा जी अखंड कुजबूज आणि मधूनच कलकलाट होतो, तो ऐकायला इथे पालथं पडावं लागतं.

मोजायची रीत अशी: आधी दहा पक्षी एकेक मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवायचं, मग तेवढ्या दहा तुकड्या म्हणजे शंभर, आणि मग शंभराच्या मापाने सगळा थवा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना आकडा सांगायचा नाही. शेवटी ताडून पाहायचं. आकड्यांत फार अंतर पडलं तर दोघांनी पुन्हा.

मोजणी अर्ध्यावर असताना नॉटचा सगळा थवा एकदम उठला. बहिरी ससाणा. थवा आधी काळा झाला, वळला तसा पांढरा, पुन्हा काळा. ससाण्याने दोनदा झेप घेतली आणि काही न मिळवता वेल्सच्या बाजूला निघून गेला. पाच मिनिटांत पक्षी खाली बसले. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

सकाळी 11:20

पूर्ण भरती. पाणी काही क्षण कुठेच जात नाही.

आता बहुतेक पक्ष्यांनी चोच पाठीच्या पिसांत खोचली आहे आणि एक पाय वर घेतला आहे. ही त्यांची रात्र. जानेवारीत इथे दिवस जेमतेम आठ-साडेआठ तासांचा असतो, आणि पोट भरणं उजेडावर नाही, ओहोटीवर अवलंबून असतं. चिखल उघडा पडेल तेव्हा खायचं, मध्यरात्री असला तरी. म्हणजे झोप फक्त भरतीच्या या दोन-तीन तासांत. थंडीची लाट आली आणि चिखल गोठला की खाणं घटतं. तेव्हा हीच झोप त्यांना तगवून धरते. झोपेतून उठून एक फेरी उडणं म्हणजे पुढच्या ओहोटीला तेवढे शिंपले जास्त शोधणं. ससाण्याचं भय त्यांच्या जगण्यात धरलेलंच आहे. पण दिवसातून चार वेळा कुत्रा, मग घोडेस्वार, मग होडी असं होत राहिलं तर पक्षी ती जागा सोडून जातात आणि दूरच्या जागेहून रोज दुपटीने उडत येतात. वेस्ट कर्बीच्या किनाऱ्यावर एके काळी तसं घडलं. मग स्वयंसेवक भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभे राहू लागले, कुत्रा फिरवायला आलेल्यांना थांबवून टेलिस्कोपमधून पक्षी दाखवू लागले. दाखवलं की बहुतेक लोक आपणहून वळतात. मोजणी आणि राखण ही दोन कामं मी वेगळी मानत नाही. किती पक्षी आहेत हे ठाऊक नसेल तर काय राखतोय हेच सांगता येणार नाही.

11:45 ला पूर्वेकडून दोन कयाक आली. मिडल आयच्या फार जवळ. आधी कडेचे कर्ल्यू उठले, मग ऑयस्टरकॅचरचा निम्मा थवा तीव्र शिट्ट्या मारत पाण्यावर फिरू लागला. कयाकवाल्यांना काही कळलं नाही. ते पक्ष्यांकडे कौतुकाने बघत होते. आमच्या गृहस्थांनी हात वर करून सावकाश लांब व्हायची खूण केली, ती त्यांनी लगेच ओळखली आणि बाहेरून वळसा घेतला. मुलीने वेळ लिहिली: किती उठले, कशामुळे, पुन्हा बसायला किती मिनिटं लागली. बावीस.

"त्यांना माहीतच नव्हतं ना," ती म्हणाली.

"नसतंच. म्हणून उतारावर पाटी आहे. पण पाटी जमिनीवरच्या माणसासाठी. कयाक तर दुसऱ्याच किनाऱ्याहून येतं."

दुपारी 12:30

जेवण. पोळीभाजी थंड पण चवीची.

दुपारी 1:00

उताराच्या कडेला जांभळट तुतार्‍या शोधायच्या. पर्पल सँडपायपर. गडद पाटीच्या रंगाचे, नारिंगी पायांचे, लाट फुटते तिथेच खडकाला चिकटून बसणारे. सगळे किनारपक्षी पाण्यापासून मागे सरतात, हे मात्र शेवटच्या कोरड्या खडकावर थांबतात आणि फेस अंगावर आला की तेवढ्यापुरते उडतात. त्यांच्यात दगड उलटून खाणारे टर्नस्टोन मिसळलेले असतात. ब्रिटनभर पर्पल सँडपायपर कमी होत चालले आहेत. हिल्ब्रीच्या जुन्या नोंदवह्यांतले आकडे वाचून इथे उभं राहिलं की ही घट काळजाला लागते. इथलं पक्षी-निरीक्षण केंद्र 1957 पासून आहे, त्यामुळे वाचायला वह्या पुष्कळ. आज तीन सापडले. तिसरा मुलीला दिसला, खडकाच्या भेगेत.

पाणी उतरायला लागलंय. उताराच्या अगदी जवळ एक सील पाण्यात उभा झोपलेला, नाक तेवढं वर. लांबट, सरळ नाकाचं तोंड, म्हणजे करडाच. थोड्या वेळाने तो बुडाला आणि पार दुसरीकडे निघाला.

दुपारी 2:30

तीन तास झाले, तरी आम्ही दहा मिनिटं जास्त थांबतो. वाट उघडी आहे पण घळींत अजून पाणी असतं. मिडल आयवरून थवे आधीच निघालेत. वाळूचा पहिला पट्टा उघडा पडला की नॉट जातात, मग ऑयस्टरकॅचर. त्यांना आमच्याआधी जाऊ द्यायचं, म्हणून खडकाच्या कडेने, त्यांच्या पट्ट्यापासून लांब चालायचं. वाटेत भरतीच्या रेषेवर मेलेले पक्षी आहेत का बघायचं. बर्ड फ्लूनंतर हात लावायचा नाही, फक्त जात आणि जागा टिपायची. आज काही नाही.

मुलगी मालवणबद्दल विचारत होती. मी सांगितलं, तिथेही हिवाळ्यात जेट्टीवर कुरव जमतात, त्यांतले तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवरून उतरलेले असतात. महाराष्ट्राचं पहिलं सागरी अभयारण्य तिथे 1987 पासून आहे. पण भरतीला खडपावर किती पक्षी विसावतात, त्यांना किती वेळा उठवलं जातं, हे दर महिन्याला, त्याच जागेवरून, त्याच रीतीने लिहिणारे हात तिथे वाढायला हवेत. नागपूरकडेही तलाव आहेत, ती म्हणाली. बदकं येतात. मग तिथून सुरू कर, मी म्हटलं.

सायंकाळी 5:00

घरी, हीटरजवळ. ओल्या वहीतून संगणकावर आकडे चढवायचे. ज्या ठिकाणी दोघांचे आकडे जुळले तिथे एकच, जिथे फरक होता तिथे दोन्ही. कयाकची नोंद वेगळ्या रकान्यात, बावीस मिनिटांसकट.

हार्बर पॉरपॉइज या छोट्या समुद्री सस्तन प्राण्याच्या रकान्याशी मुलगी थांबली. समुद्राकडे पाहताना आम्ही त्याच्या पाठीवरचा काळा, बुटका पर सतत शोधत होतो, दिसला नव्हता.

"हा रकाना रिकामा ठेवू?"

"रिकामा म्हणजे बघितलंच नाही. शून्य लिही. आणि शून्याच्या पुढे किती वेळ बघितलं, वारा, लाटा, किती लांबपर्यंत दिसत होतं, तेही सगळं."

तिने लिहिलं: शून्य. एक तास. वारा वायव्येचा, मध्यम. लाटांवर तुरळक पांढरा फेस. पवनचक्क्या स्पष्ट दिसत होत्या.